राखणदार नको, वाटाड्या हवा

चांगला कुत्रा कसा असावा, याचं आपल्या मनात एक पक्कं चित्र असतं. तो राखणदार असावा. परक्याला अंगणात पाऊल टाकू देऊ नये. एकाच धन्याला ओळखावं, दुसऱ्याच्या हातचं खाऊ नये, आणि धनी गेला तर अन्नपाणी सोडावं. रायगडावरच्या वाघ्याची कथा इतिहासाच्या कसोटीला उतरते की नाही यावर कितीही वाद झाले, तरी ती लोकांना पटते ती या चित्रामुळेच. आता हाच इमानी कुत्रा अंधांसाठी गाइड डॉग तयार करणाऱ्या एखाद्या शाळेत नेऊन उभा करा. त्याला पहिल्या आठवड्यातच घरी पाठवतील.

कारण साधं आहे. अंध माणूस रस्त्यात पाय घसरून पडला, आणि उचलायला धावलेल्या माणसांवर त्याचा कुत्रा गुरगुरू लागला, तर त्या इमानाचं करायचं काय? बसमध्ये शेजारी कोण बसेल, लिफ्टमध्ये कोणाचा पाय शेपटीवर पडेल, हे या कुत्र्याच्या हातात नसतं. त्याला सगळं जग आपलंच वाटलं पाहिजे. घरच्या कुत्र्यात आपण जे गुण वाखाणतो ते या कामात दोष ठरतात, आणि ज्या खोडींवर हसतो त्या गुण ठरतात. शंभरेक वर्षांत कुत्र्यांच्या कोणत्या जाती या कामात आल्या, कोणत्या मागे पडल्या, हे पाहताना ही उलटापालट ध्यानात ठेवावी लागते.

आधी काम नेमकं काय, ते पाहू. बऱ्याच जणांची समजूत अशी की ‘बँकेत चल’ म्हटलं की कुत्रा मालकाला बँकेत नेतो. तसं नसतं. रस्ता माणसाच्या डोक्यात असतो. किती चौक ओलांडायचे, कुठे डावीकडे वळायचं, हे तो सांगतो. कुत्र्याच्या पाठीवरच्या हार्नेसला एक कडक दांडा असतो आणि तो माणसाच्या डाव्या हातात असतो. कुत्र्याचा खांदा जरा वळला, चाल मंदावली, तो थांबला, की ते दांड्यातून तळहाताला कळतं. पायरी आली की कुत्रा थांबतो, माणूस पायाने चाचपतो, मग दोघं पुढे जातात. सिग्नलचा लाल-हिरवा रंग कुत्र्याला आपल्यासारखा दिसतच नाही. वाहनांचा आवाज कोणत्या दिशेने वाहतोय ते ऐकून ‘चल’ म्हणायचं काम माणसाचं.

यातल्या दोन गोष्टी फार अवघड. पहिली म्हणजे डोक्यावरचा अडथळा. फूटपाथवर झुकलेली फांदी कुत्र्याच्या डोक्यावरून तीन-चार फूट उंच असते, त्याला तिचा काहीच उपद्रव नाही. तरी शेजारच्या माणसाच्या कपाळाचा हिशेब करून त्याने वळसा घ्यायचा. दुसरी गोष्ट त्याहून कठीण. माणसाने ‘चल’ म्हटलं आणि वळणावरून गाडी आली, तर कुत्र्याने हुकूम मोडायचा, जागचं हलायचं नाही. म्हणजे दिवसभर आज्ञा पाळणारा, पण नेमक्या क्षणी न पाळणारा प्राणी हवा. निव्वळ आज्ञाधारक कुत्रा इथे धोक्याचा, आणि स्वतःच्या मर्जीने चालणारा तर त्याहून धोक्याचा.

शिवाय देहाची मापं आहेतच. खांद्यापाशी दोन फुटांच्या आसपास उंची आणि पंचवीस-तीस किलो वजन असलं, तर दांडा हाताशी येतो आणि ओढ जाणवते. बीगल नाकामागे जातो. बॉर्डर कॉली बुद्धिमान खरा, पण हलणारी प्रत्येक वस्तू त्याला मेंढी वाटते, आणि शहरातल्या रस्त्यावर हलत नाही असं काय असतं? हुशारीच्या याद्यांमध्ये वर असलेली जात वाटाड्या म्हणून वर असेलच असं नाही.

या कामाची पहिली मोठी शाळा जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे ऑगस्ट १९१६मध्ये सुरू झाली. महायुद्धातून आंधळे होऊन परतणाऱ्या सैनिकांचं काय करायचं, हा प्रश्न समोर होता, आणि डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांच्या पुढाकाराने त्यावर कुत्र्यांचा उपाय शोधला गेला. कुत्रे आले ते अर्थातच जर्मन शेफर्ड. आपल्याकडे जुनी माणसं अजून ज्याला अल्सेशियन म्हणतात तो. जखमी सैनिक शोधण्याच्या कामावर ही जात लष्कराजवळ होतीच. जात म्हणून तिची नोंद होऊन तेव्हा जेमतेम सतरा वर्षं झाली होती. माक्स फोन श्टेफानित्स नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने १८९९मध्ये होरांड नावाच्या कुत्र्यापासून ती वंशावळ मांडली. मुळात हा मेंढपाळाचा कुत्रा. पिकाच्या कडेने दिवसभर येरझाऱ्या घालत मेंढरांना शेतात शिरू न देणं, म्हणजे जिवंत कुंपण होणं, हा त्याचा पिढीजात धंदा. ज्या कुत्र्याच्या रक्तात कड सांभाळणं आहे त्याला फूटपाथची कड शिकवणं सोपं गेलं असणार, असा माझा तर्क.

अमेरिकेत ही कल्पना गेली ती एका लेखामुळे. डोरोथी हॅरिसन युस्टिस ही अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हे गावाच्या वरच्या डोंगरावर ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ नावाच्या आपल्या जागेत कामाचे जर्मन शेफर्ड तयार करत असे. जर्मनीतल्याच पॉट्सडॅमची अशीच एक शाळा पाहून तिने ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहिला, तो ५ नोव्हेंबर १९२७च्या अंकात आला. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने तो वाचून घेतला आणि बाईंना पत्र धाडलं. १९२८मध्ये तो स्वित्झर्लंडला जाऊन कुत्री घेऊन आला. तिचं नाव होतं किस. भर रस्त्यात ‘किस, किस’ अशा हाका मारायची त्याला लाज वाटली, म्हणून तिची बडी झाली. न्यूयॉर्कच्या बंदराजवळच्या वेस्ट स्ट्रीटवर, वार्ताहरांच्या देखत, घोडागाड्या आणि मोटारींच्या गर्दीतून बडीने त्याला पलीकडे नेलं. जानेवारी १९२९मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली, ती आजही न्यू जर्सीत चालू आहे. ब्रिटनमध्ये १९३१ साली वॉलसी इथे तयार झालेल्या पहिल्या चार कुत्र्या, जुडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा, याच जातीच्या. जपानमध्ये १९५७ साली तयार झालेला चॅम्पीही याच जातीचा.

मग आज जगभरच्या शाळांत लॅब्राडोरच का दिसतो? शेफर्ड अजून आहे, सीइंग आयने तो सोडलेला नाही. त्याची चाल झपाझप, तल्लखपणा वादातीत. पण तो जीव लावतो तो एकावर. अनोळखी माणसाकडे पाहताना त्याच्या मनात आधी शंका येते. आवाजाने बिथरला तर त्याचा जीव लवकर थाऱ्यावर येत नाही. बिनअनुभवी हातात तो स्वतःच काळजी करत बसतो. भरीला खुब्याच्या सांध्याचा आजार. तो जातीत मुळातच बोकाळलेला.

आणि इथे शाळांची पद्धत आडवी येते. पिल्लू दोनेक महिन्यांचं झालं की ते एखाद्या हौशी कुटुंबाकडे जातं. वर्षभर किंवा थोडं जास्त ते तिथे वाढतं, दुकानं, स्टेशनं, लहान मुलं पाहतं. मग त्याला परत बोलावतात आणि ते प्रशिक्षकाच्या हाती येतं. काही महिन्यांनी प्रशिक्षक ते अंध माणसाच्या हातात सोपवतो. दोन वर्षांच्या आत तीन घरं, तीनदा माया तोडायची. एकाच धन्याचा कुत्रा या साखळीत मोडून पडतो. लॅब्राडोर पहिल्या घरासाठी एक-दोन दिवस कुंथतो आणि मग नव्या माणसाच्या खिशात काय आहे याचा वास घेऊ लागतो. कुणाला हे बेइमानीचं वाटेल. लॅब्राडोर जिंकला तो बुद्धीवर नाही, या बेइमानीवर जिंकला, असं माझं मत आहे.

खिशातल्या वासाचं आता शास्त्रही सापडलं आहे. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे कुत्रे, गार पाण्यात उडी मारून जाळी-मासे ओढून आणणारे. इंग्लंडच्या सरदारांनी त्यांना शिकारीतले पक्षी उचलून आणायला लावलं. तिथल्या केनेल क्लबने १९०३मध्ये जातीला मान्यता दिली. हा कुत्रा खादाड, हे पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये दाखवलं की अनेक लॅब्राडोरांच्या ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकातला एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. तपासलेल्या लॅब्राडोरांपैकी जवळपास चौथ्या हिश्शात हा बदल होता. मदतनीस म्हणून काम करणाऱ्या कुत्र्यांच्या गटात मात्र तो ७६ टक्क्यांमध्ये सापडला. शाळांनी जनुक पाहून निवड केलेली नव्हती. त्यांनी शिकायला सोपी पिल्लं निवडली, आणि खाऊसाठी काहीही करायला तयार असलेलं पिल्लू शिकायला सोपं असतं. त्याच गटाने २०२४मध्ये पुढचा शोध मांडला: हा बदल असलेली कुत्री नुसती भुकेली नसतात, विश्रांतीच्या वेळी ती सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा जाळतात. म्हणजे ज्या गुणामुळे तो कामावर लागला, त्याच गुणामुळे गुडघे आणि खुबे लवकर खराब व्हायची भीती. गाइड डॉगच्या मालकाला मोजून मापून खायला घालायला का शिकवतात, ते यावरून कळेल.

गोल्डन रिट्रीव्हरबद्दल थोडक्यात. १८६८च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथने तयार केलेली ही जात लॅब्राडोरपेक्षा मऊ स्वभावाची, आवाज चढवला तरी हिरमुसणारी. ज्या माणसाला हळू आवाजात बोलायची सवय आहे त्याला ती जमते. केसांची निगा मात्र जास्त, आणि कर्करोगाचं प्रमाण चिंता वाटावी असं. अमेरिकेत मॉरिस ॲनिमल फाउंडेशनने तीन हजारांहून जास्त गोल्डन रिट्रीव्हरांना आयुष्यभर तपासत राहण्याचा जो अभ्यास हाती घेतला आहे, तो याचसाठी. या दोन जातींचा पहिल्या पिढीचा संकर अनेक शाळांना आवडतो. लॅब्राडोरचा धीटपणा आणि गोल्डनची नजर, असं मिश्रण बऱ्याच वेळा उतरतं. बऱ्याच वेळा, नेहमी नाही.

‘नेहमी नाही’ हे ऑस्ट्रेलियातल्या वॉली कॉनरन यांना चांगलंच कळलं. ते तिथल्या गाइड डॉग संस्थेत पैदाशीचं काम पाहत. १९८०च्या दशकात हवाईमधल्या एका अंध बाईंनी विचारणा केली: नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी आहे, काही करता येईल का? पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून कॉनरननी पूडल तपासायला सुरुवात केली. तेहतीस पूडल पाहिले, एकही कामाला उतरला नाही. पूडल बुद्धीने अव्वल, पण जागच्या जागी टुणटुणणारा, मनाचा हळवा. शेवटी त्यांनी पूडल आणि लॅब्राडोर यांचं वेत घेतलं. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, नवऱ्याची चाचणी झाली. तिघांपैकी एकच, सुलतान, त्याला चालला. सख्खी भावंडं, एकच आई, एकच बाप, आणि तिघांची कातडी वेगळी. सुलतान हवाईला गेला आणि चांगलं काम करून गेला. उरलेल्या संकराच्या पिल्लांना कोणी घरी ठेवून घेईना, तेव्हा कॉनरननी ‘लॅब्राडूडल’ असं नाव पुढे केलं. एकाएकी मागणी वाढली. पुढे जगभर हौशी धंदेवाल्यांनी वाटेल त्या कुत्र्याशी पूडल जुळवून ‘ॲलर्जी न होणारे’ म्हणून विकले, आणि हे दार आपण उघडलं याचा कॉनरनना म्हातारपणी जाहीर पश्चात्ताप झाला.

मग जात सांगते तरी काय? अमेरिकेत २०२२मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरली, दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक वाचले गेले. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीवरून सांगायला गेलं तर सुमारे नऊ टक्केच सांगता आला. माणसाचं ऐकण्याच्या वृत्तीवर जातीची छाप त्यातल्या त्यात जास्त होती. चिडखोरपणावर फारच कमी. याचा अर्थ जात खोटी असा नाही. उंची, केस, सांधे, ऐकायची तयारी इतकं ती देते. गडगडाट झाल्यावर हा विशिष्ट कुत्रा किती वेळात सावरेल, हे जात सांगत नाही.

ते वंशावळ सांगते, आणि बालपण. कॅलिफोर्नियात १९४२मध्ये सुरू झालेल्या ‘गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड’ संस्थेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांना आढळलं की सुरुवातीला शंभरातले जेमतेम नऊ कुत्रे उत्तीर्ण होतात. त्यांनी आठ ते बारा आठवड्यांच्या पिल्लांच्या चाचण्या आखल्या. पिल्लासमोर चेंडू टाकायचा आणि ते आणून देतं का बघायचं. आपणहून वस्तू आणून देणाऱ्या पिल्लाला माणसाबरोबर काम करायची हौस असते, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची ठरली. चाचणीत उत्तम ठरलेलं पिल्लू बारा आठवड्यांनंतर काही आठवडे नुसतं कुत्राघरात राहिलं, लगेच माणसांच्या घरी गेलं नाही, तर पुढे ते वाटाड्या म्हणून बहुधा नापास होई. जात तीच, आई तीच, पिल्लूही तेच.

सीइंग आयमध्ये झालेला अलीकडचा अभ्यास तर आयांना विचारात पाडणारा आहे. एमिली ब्रे आणि सहकाऱ्यांनी ९८ पिल्लं जन्मापासून मोठी होईपर्यंत पाहिली. २०१७मध्ये आलेला निष्कर्ष असा की ज्या कुत्र्या पिल्लांना सारख्या चाटत, कुशीत घेत, त्यांची पिल्लं जास्त नापास झाली. काही कुत्र्या आडव्या पडून पाजत, काही बसून किंवा उभ्याने. उभ्याने पाजणाऱ्या आईची पिल्लं दुधासाठी मान वर करून धडपडत, आणि तीच पुढे जास्त उत्तीर्ण झाली.

स्वभावाची अंतिम परीक्षा वेगळीच असते, त्यासाठी रोझेलचं उदाहरण द्यावं लागेल. पिवळसर लॅब्राडोर, मालक मायकेल हिंगसन, जन्मांध. कचेरी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात, ७८व्या मजल्यावर. रोझेल ढगांच्या गडगडाटाला घाबरायची. ११ सप्टेंबर २००१च्या आदल्या रात्रीही वादळ झालं आणि ती थरथरत बसली होती. सकाळी विमान आदळलं तेव्हा ती टेबलाखाली झोपलेली होती. धूर, जेट इंधनाचा वास, जिन्यावर माणसांची रीघ, आणि त्यातून १,४६३ पायऱ्या ती मालकाबरोबर शांतपणे उतरली. गडगडाटाला भिणारी म्हणून कागदावर तिला नापास करता आलं असतं. हार्नेस अंगावर चढला की कुत्रा वेगळा वागतो, हे प्रशिक्षक सांगतात ते उगाच नाही.

आरोग्याच्या बाबतीत शाळांनी केलेलं काम मात्र निखळ कौतुकाचं आहे. एका कुत्र्यावर दोन वर्षं घालवायची आणि तिसऱ्या वर्षी त्याचा खुबा गेला तर सगळंच पाण्यात. म्हणून सीइंग आयने प्रत्येक कुत्र्याच्या खुब्याचे एक्स-रे आणि त्याच्या नातेवाइकांचे एक्स-रे एकत्र तोलून जोड्या जुळवल्या. पाचांहून कमी पिढ्यांत जर्मन शेफर्डांमधलं या आजाराचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४वर आलं आणि लॅब्राडोरांमधलं ३०वरून १०वर. प्रदर्शनांत बक्षिसं मिळवणारे लोक जात सुंदर करत बसले, तेव्हा ही मंडळी ती चालती ठेवत होती. डोळ्यांचाही प्रश्न असतो. लॅब्राडोर आणि पूडल या दोन्ही जातींत हळूहळू दृष्टी जाणारा पडद्याचा आजार आहे. आंधळ्याचा वाटाड्याच आंधळा व्हायचा. आता डीएनए तपासणीने तो पैदाशीतून बाजूला काढता येतो. एवढं करूनही आठ-दहा वर्षांचा झाला की कुत्रा निवृत्त होतो, आणि माणसाला नव्या कुत्र्याबरोबर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

भारतात गाइड डॉग अजून रुजलेला नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत लॅब्राडोर उदंड दिसतात, बहुतेक जाडजूड आणि एप्रिलच्या दुपारी धापा टाकणारे. गार पाण्यासाठी घडलेल्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला तापलेल्या डांबरावर चालवायचं म्हणजे पहाटे आणि संध्याकाळीच. मग देशी जातीचं काय, असा प्रश्न सभांमधून हमखास येतो. मराठवाड्यातला कारवानी किंवा पश्मी आणि शेजारच्या मुधोळचा हाउंड ही आपली देखणी जात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जोपासली. २०१६मध्ये तिची पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली. ऊन सोसतो, आजार कमी, खाणं बेताचं. पण हा नजरेने शिकार धरणारा कुत्रा. दूर ससा हलला की धन्याच्या हुकमाची वाट न पाहता सुटायचं, यासाठीच पिढ्यान्पिढ्या निवडलेला. परक्याने अंगाला हात लावलेलाही त्याला फारसा खपत नाही.

राहिला गल्लीतला गावठी. कॅलिफोर्नियाच्या त्या संस्थेची सुरुवातीची एक कुत्री, ब्लाँडी, पासाडेनाच्या बेवारस कुत्र्यांच्या कोंडवाड्यातून आणली होती आणि ती एका अंध सैनिकाची उत्तम वाटाडी झाली. तेव्हा असा एखादा जीव गल्लीतही निघेल. पण शाळांना ‘एखादा’ परवडत नाही, म्हणून त्यांनी स्वतःची पैदास सुरू केली. आपल्याकडे अडचण त्याच्याही अलीकडची आहे. फूटपाथ ज्याने सांभाळायचा त्याला आधी फूटपाथ लागतो, आणि प्रत्येक कोपऱ्यावर आपली हद्द राखणाऱ्या चार-पाच गल्लीकुत्र्यांसमोरून हार्नेसमधल्या कुत्र्याने न भुंकता, न पळता, मालकाला घेऊन जाणं फार अवघड. दृष्टिहीनांच्या शाळांतून आपल्याकडे पांढरी काठी शिकवतात. तिला ऊन लागत नाही आणि गल्लीतली कुत्रीही तिच्या वाटेला फारशी जात नाहीत.